लग्न झाले, आता ओळख होऊ द्या

आपल्या घरातली तरुण मुले-मुली हल्ली मोबाईलवर जपानी चित्रमालिका बघतात. त्यांना ‘ॲनिमे’ म्हणतात. त्यात नुसती मारामारी आणि राक्षस असतात, असा मोठ्या माणसांचा समज असतो. पण साध्या घरसंसाराच्या मालिकाही त्यात आहेत. अशाच एका मालिकेबद्दल आम्ही या वेळी आरोग्याच्या पानावर लिहीत आहोत, कारण नवरा-बायकोने एकमेकांशी कसे वागावे हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

मालिकेचे नाव ‘तोनिकाकु कावाई’. मराठीत सांगायचे तर ‘काही म्हणा, गोडच आहे!’ केन्जिरो हाता यांची ही चित्रकथा २०१८ पासून जपानच्या एका साप्ताहिकात येऊ लागली आणि २०२० मध्ये तिची मालिका झाली. नासा नावाच्या मुलाला रस्त्यात ट्रकची धडक बसते. त्सुकासा नावाची मुलगी त्याचा जीव वाचवते. तो तिथेच तिला मनातले सांगून टाकतो. ती म्हणते, लग्न करणार असशील तरच. मग ती निघून जाते आणि तो अठरा वर्षांचा झाल्यावर थेट त्याच्या दारात उभी राहते. दोघे त्याच रात्री सरकारी कार्यालयात जाऊन लग्नाचा अर्ज देतात. जपानमध्ये लग्न कायदेशीर होते ते या नोंदणीने. ना मंडप, ना जेवणावळ, ना कर्ज.

एक गोष्ट मात्र उचलू नये. मालिकेत मुलीचे वय सोळा सांगितले आहे. तेव्हा जपानचा कायदा पालकांच्या संमतीने ते चालवून घेत असे. १ एप्रिल २०२२ पासून तिथेही मुलीला १८ वर्षे पूर्ण लागतात. आपल्याकडे मुलीला १८ आणि मुलाला २१.

खरी गंमत लग्नानंतर सुरू होते. दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. बघून-ठरवून झालेल्या लग्नात आपल्याकडेही पुष्कळदा हेच असते. नासाची खोली लहान, तिथे न्हाणीघर नाही. म्हणून दोघे सार्वजनिक स्नानगृहात जातात. अंथरूण एकच, म्हणून रात्री दुकानात जाऊन दुसरे आणतात. हातात हात घ्यावा का, याचाही नासा दहादा विचार करतो. पण बायको आवडते हे तो लपवत नाही, तोंडावर सांगतो. वरून थंड दिसणारी त्सुकासा लाजून लाल होते आणि हळूहळू तीही बोलू लागते. पुढे त्यांचे घर आगीत जळते, दुसऱ्याच्या आसऱ्याला राहावे लागते. तरी एकमेकांशी गोड बोलणे थांबत नाही.

याचा आरोग्याशी संबंध काय? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. १६ विवाहित स्त्रियांना मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या यंत्रात झोपवून, आता विजेचा सौम्य झटका बसू शकतो, अशी सूचना दिली. एकदा त्यांनी नवऱ्याचा हात धरला, एकदा अनोळखी माणसाचा, एकदा कोणाचाच नाही. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची खळबळ सर्वांत कमी होती. ज्यांचे नवऱ्याशी चांगले पटत होते, त्यांच्यात ती आणखी कमी दिसली. प्रयोग लहान आहे, पण अनुभवाला धरून आहे. आपले माणूस जवळ असले की जीव शांत होतो. नुसते लग्न झाले म्हणून मात्र तसे होत नाही, आधी पटावे लागते.

म्हणून नव्या जोडप्यांना आमचे सांगणे असे. पहिल्याच रात्री सगळे झाले पाहिजे, असा कोणताही नियम वैद्यकशास्त्रात नाही. घाई, भीती आणि जबरदस्ती यांमुळे त्रासच होतो. आधी विचारा. ‘नको’ म्हटले तर थांबा, रुसू नका. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर लाजून सहन करू नका, डॉक्टरांना दाखवा. मूल कधी हवे हे दोघांनी मिळून ठरवा आणि साधनांची माहिती आशाताईंकडून घ्या. दिवसभरात एक तरी चांगला शब्द बोला. ‘भाजी छान झाली’, ‘दमलीस का?’, ‘आज तुम्हाला उशीर झाला, काळजी वाटली’ एवढेही पुरते.

एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात, तिथे दोघांनी बोलायचे कुठे, हा प्रश्न खराच आहे. इथे सासू-सासऱ्यांनी मदत करावी. संध्याकाळी बाजाराला दोघांना एकत्र पाठवा. मुलगा सुनेला पाणी देताना दिसला तर त्याला ‘बायकोच्या ताटाखालचे मांजर’ म्हणून हिणवू नका. एवढ्या एका टोमण्याने कित्येक मुलांचे तोंड कायमचे बंद होते आणि त्याचा त्रास सुनेला भोगावा लागतो.

शेवटी एक खुलासा. सतत फोन तपासणे, माहेरी जाऊ न देणे, संशय घेणे आणि मारून नंतर ‘प्रेम आहे म्हणून राग येतो’ म्हणणे, हे प्रेम नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने स्त्रीला संरक्षण दिले आहे. मदतीसाठी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. मन फार उदास असेल, झोप लागत नसेल, तर नवरा असो की बायको, १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

नासा आणि त्सुकासा यांना हातात हात घ्यायलाही वेळ लागला. तुम्हालाही लागेल, त्यात कमीपणा काही नाही. आज घरी गेल्यावर एक चांगला शब्द बोलून सुरुवात करा.