विश्लेषण : परराज्यातून नवी कार घेताना शोरूम टाळाटाळ का करते? ग्राहकाने काय लिहून घ्यावे?

उमरगा तालुक्यात राष्ट्रीय महामार्ग ६५ वर ‘एमएच २५’च्या गाड्यांमधून ‘केए ३८’ आणि ‘केए ५६’ क्रमांकाच्या गाड्या सहज धावताना दिसतात. धाराशिव जिल्ह्याची हद्द कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांना भिडलेली आहे. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानातच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राज्ये वेगळी झाली, पण सोयरीक, बाजारहाट आणि दवाखान्याच्या फेऱ्या सुरूच राहिल्या. त्यामुळे हवे ते मॉडेल सोलापूर-लातूरला मिळत नसेल किंवा प्रतीक्षा लांबली असेल, तर सीमाभागातील ग्राहक कलबुर्गी किंवा हैदराबादच्या शोरूमचा रस्ता धरतो. तिथे आधार कार्डावरचा पत्ता पाहिला की विक्री प्रतिनिधीचा सूर मात्र बदलतो. ‘महाराष्ट्राची नोंदणी आमच्याकडे होत नाही’ इथपासून ‘इकडचा एखादा पत्ता द्या’ इथपर्यंत उत्तरे मिळतात. हा नकार कुठून येतो आणि कायदा काय सांगतो, ते पाहू.

शोरूमची अडचण नेमकी काय असते?

पहिले कारण व्यावसायिक आहे. बहुतेक कंपन्या विक्रेत्यांना विशिष्ट क्षेत्र वाटून देतात. दुसऱ्याच्या क्षेत्रातील ग्राहकाला गाडी विकली, तर विक्रेत्याच्या उद्दिष्टात ती धरली जाईलच असे नसते. कधी कंपनीची सवलतही अशा विक्रीला लागू होत नाही. दुसरे कारण कमाईचे आहे. गाडीच्या मूळ किमतीवर विक्रेत्याला मिळणारा नफा मर्यादित असतो. विमा, कर्ज, अॅक्सेसरीज आणि पुढील सर्व्हिसिंग यांतून उरलेली मिळकत होते. दूरचा ग्राहक विमा आणि कर्ज स्वतःच आणतो आणि सर्व्हिसिंगला परतही येत नाही.

तिसरे कारण कायद्यातच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्याने करायचा असतो. मात्र कलम ४१ मधील ही तरतूद वाहनाची नोंदणी विक्रेत्याच्याच राज्यात होणार असेल तेव्हाच लागू होते. गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन नोंदवायची असेल, तर अर्ज मालकाने करायचा. म्हणजे ‘महाराष्ट्राची नोंदणी आम्ही करत नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असते. ‘म्हणून गाडी विकता येत नाही’ हा त्यापुढचा निष्कर्ष मात्र खरा नसतो.

परराज्यातून गाडी घ्यायला मनाई आहे का?

नाही. गाडी कुठून विकत घ्यावी, यावर मोटार वाहन कायदा बंधन घालत नाही. ती कुठे नोंदवावी, यावर घालतो. कलम ४० नुसार मालकाचे वास्तव्य किंवा व्यवसाय ज्या राज्यात आहे आणि वाहन जिथे सामान्यतः ठेवले जाते, त्या राज्यातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते. धाराशिवच्या रहिवाशाने कलबुर्गीत गाडी घेतली, तरी तिची नोंदणी महाराष्ट्रातच व्हायला हवी.

विक्रेत्यांना क्षेत्राच्या चौकटीत बांधून ठेवण्याचा प्रश्न स्पर्धा कायद्याच्याही कक्षेत येतो. विक्रेत्यांनी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सवलत देऊ नये, यासाठी निर्बंध घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने या आदेशाला अपिलात आव्हान दिले. अर्थात अशा प्रकरणांतून एखाद्या ग्राहकाला त्याची गाडी मिळत नाही. त्यासाठी व्यवहारातील पावले नीट टाकणे हाच उपाय आहे.

गाडी घरी कशी आणायची?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४२ प्रमाणे विक्रेत्याला तात्पुरत्या किंवा कायम नोंदणीशिवाय वाहन ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. परराज्यातील ग्राहकासाठी मार्ग असतो तो कलम ४३ मधील तात्पुरत्या नोंदणीचा. ही नोंदणी विक्रेत्यामार्फत त्याच्याच राज्यात होते. अशा वाहनाच्या पाटीवर पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे असतात. लाल पाटीवर पांढरी अक्षरे असलेला ‘ट्रेड’ क्रमांक विक्रेत्याच्या वापरासाठी असतो. ‘याच पाटीवर गाडी घरी न्या’ असे कोणी म्हटले तर साफ नकार द्यावा.

तात्पुरती नोंदणी कायद्यानुसार कमाल सहा महिन्यांची असू शकते. पण प्रत्यक्षात प्रमाणपत्रावर छापलेली तारीख महत्त्वाची. शिवाय नियम ४७ नुसार कायम नोंदणीचा अर्ज प्रवासाचा काळ वगळून ताबा मिळाल्यापासून सात दिवसांत करायचा असतो. ‘सहा महिने आहेत, बघू निवांत’ हा हिशेब चुकीचा ठरतो.

मुदत संपली तर काय होऊ शकते?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या ३० सप्टेंबर २०२१ च्या निकालात आहे. राजस्थानातील श्रीगंगानगरच्या एका रहिवाशाने नव्या बोलेरो गाडीचा विमा पंजाबात काढला होता. गाडीची तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ रोजी संपली. त्यानंतर २८ जुलैला तो जोधपूरला गेला आणि रात्री गाडी अतिथीगृहाबाहेर उभी केली. सकाळी गाडी जागेवर नव्हती. सहा लाखांहून अधिक रकमेचा विमा चालू असूनही कंपनीने दावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ग्राहकाच्या बाजूने कौल दिला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. गाडी चोरीच्या वेळी उभी असली तरी तिथपर्यंत ती नोंदणीविना चालवत नेली होती आणि हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. मालकाने कायम नोंदणीसाठी अर्ज केल्याचे नोंदीवर काहीच नाही, याचीही दखल घेतली.

त्याआधी २०१४ मध्ये अपघाताच्या एका प्रकरणातही न्यायालयाची भूमिका अशीच होती. तात्पुरती नोंदणी संपून तीन आठवडे झालेल्या वाहनाच्या नुकसानीचा दावा तेव्हा फेटाळला गेला. शेजारच्या राज्यातून आणलेल्या गाडीला खरा धोका इथे आहे. कागद अडकला म्हणून गाडी अंगणात उभी राहिली तर गैरसोय होते. त्याच अवस्थेत ती तुळजापूरच्या वाटेला लागली आणि काही घडले, तर सगळी किंमत बुडू शकते. कलम १९२ नुसार नोंदणीविना वाहन चालवल्याचा पहिल्या वेळचा पाच हजारांपर्यंतचा दंड त्या मानाने किरकोळ म्हणावा लागेल.

सीमेपलीकडे घेतल्याने कर वाचतो का?

सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आहे. वाहन कर शोरूम कुठे आहे यावर ठरत नाही. नोंदणी कुठे होते यावर ठरतो. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल कारवर किमतीनुसार ११, १२ आणि १३ टक्के, तर डिझेल कारवर १३, १४ आणि १५ टक्के एकरकमी कर आहे. १० लाख आणि २० लाख हे त्यातील टप्पे. ९ लाखांची पेट्रोल कार कुठूनही आणली, तरी ११ टक्क्यांनी ९९ हजार रुपये भरावेच लागतात. जीएसटीचा दरही देशभर एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवर तो १८ टक्के आणि मोठ्या कारवर ४० टक्के झाला. त्यामुळे फरक पडतो तो विक्रेत्याच्या सवलतीत आणि गाडी लवकर मिळण्यात. त्यातून तात्पुरत्या नोंदणीचा खर्च, फेऱ्या आणि इंधन वजा केल्यावर काय उरते, हे आधी कागदावर मांडून पाहावे.

‘इकडचा पत्ता द्या’ हा सल्ला मानावा का?

सीमाभागात मामा-मावशी कलबुर्गीत असतात. त्यामुळे हा सल्ला सोपा वाटतो, पण तो सर्वांत महाग पडू शकतो. एक तर कर्नाटकाचा आजीवन कर कमी नाही. दुसरे म्हणजे गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडचे ना हरकत प्रमाणपत्र आणि इकडचा कर लागतो. तिकडच्या कराचा परतावा मागण्याची खटपट वेगळीच. आणि तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. खोट्या कागदपत्रांवर किंवा खोटी माहिती देऊन नोंदणी करून घेणाऱ्या मालकाला कलम १९२ ब नुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. सल्ला शोरूमने दिलेला असला, तरी अर्जावर सही ग्राहकाची असते.

नंबर प्लेट कोण देणार?

१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांची उच्च सुरक्षा नोंदणी पाटी उत्पादकाने पुरवायची आणि विक्रेत्याने बसवायची आहे. ‘एमएच २५’ क्रमांक मिळाल्यावर ही पाटी गाडी विकणाऱ्या शोरूममार्फतच मागवावी लागते. गाडीचे पैसे हाती पडल्यावर अनेक विक्रेत्यांचा उत्साह नेमका इथे मावळतो. गाडी विकली दुसऱ्याने, म्हणून जवळचा विक्रेताही हात वर करतो. त्यामुळे पाटीचा विषय बुकिंगच्या दिवशीच काढावा.

पैसे भरण्याआधी काय लिहून घ्यावे?

तोंडी आश्वासनाऐवजी ई-मेल किंवा शोरूमच्या लेटरहेडवर पाच गोष्टी घ्याव्यात : गाडी महाराष्ट्रातील नोंदणीसाठी विकली जात असल्याचा उल्लेख, तात्पुरती नोंदणी कोण करणार आणि तिचे शुल्क किती, कागदपत्रे कोणत्या दिवशी हाती मिळणार, नंबर प्लेट किती दिवसांत आणि कुठे बसवून मिळणार, आणि व्यवहार न झाल्यास बुकिंगची रक्कम कधी परत मिळणार.

ताबा घेताना फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २२ म्हणजे उत्पादकाचे रस्ता-योग्यता प्रमाणपत्र, बिल, विमा आणि तात्पुरती नोंदणी हे सारे मूळ स्वरूपात घ्यावे. प्रत्येक कागदावर नाव आणि धाराशिवचा पत्ता सारखाच आहे ना, चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतात ना, हे शोरूममध्येच ताडून पाहावे. एका आकड्याच्या चुकीसाठी पुन्हा सीमा ओलांडावी लागते. नोंदणीचा अर्ज फॉर्म २० मध्ये होतो. कर्ज असल्यास त्यावर बँकेची सही लागते. आरटीओ कार्यालय गाडी तपासणीसाठी आणायला सांगू शकते. अर्जाची पावती जपून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणात हाच पुरावा नव्हता. क्रमांक मिळाल्यावर तो विमा पॉलिसीत आणि फास्टॅगमध्ये नोंदवून घ्यावा.

विक्रेता अडून बसला तर?

बुकिंग घेण्याआधीच विक्रेत्याने नम्रपणे नकार दिला, तर त्याला विक्रीची सक्ती करणारा सोपा मार्ग नाही. तिथे कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला लेखी विचारणा करावी. अनेकदा वरून सूचना आली की खालची अडचण सुटते. पैसे घेतल्यानंतर मात्र चित्र बदलते. ठरलेली सेवा न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. ‘आमचाच विमा, आमच्याच अॅक्सेसरीज घेतल्या तरच गाडी’ ही अट याच कायद्यातील प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथेच्या व्याख्येत बसते.

पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. यात सीमाभागातील ग्राहकाच्या फायद्याची मोठी तरतूद आहे. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेता कलबुर्गीचा असो वा हैदराबादचा, उमरग्याच्या ग्राहकाला धाराशिवच्या आयोगात दाद मागता येते. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाच्या अखत्यारीत येतात. तक्रारीसाठी मुदत दोन वर्षांची आहे आणि ती ऑनलाइनही करता येते.

‘बीएच’ मालिकेचा पर्याय कोणाला?

सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेली ‘बीएच’ मालिका केंद्र-राज्य सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी, संरक्षण दलातील कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील कर्मचारी यांच्यासाठी आहे. बदली झाली तरी नवा क्रमांक घ्यावा लागत नाही. हैदराबाद-बंगळूरुला नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर गाडी घेणाऱ्या कुटुंबाने हा पर्याय जरूर तपासावा. शेतकरी आणि व्यापारी यांना तो उपलब्ध नाही.

त्यांच्यासाठी मार्ग तोच जुना आहे : खरा पत्ता, तात्पुरती नोंदणी, सात दिवसांत अर्ज. शोरूम या तिन्हींना लेखी होकार देत असेल, तर सीमा ओलांडायला हरकत नाही. देत नसेल, तर सोलापूर किंवा लातूरच्या शोरूममध्ये महिनाभर वाट पाहणे स्वस्त पडेल.