गोदावरी ओलांडली की रुपया बदलायचा!

परदेशी जाताना खिशात कुठलं चलन असावं, हा प्रश्न नगर जिल्ह्याला विमानं येण्याआधीपासून ओळखीचा आहे. नेवासे तालुक्यातल्या प्रवरासंगमाहून गोदावरी ओलांडली की कायगाव, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान. अलीकडे इंग्रजी ‘कलदार’, पलीकडे चारमिनार मिरवणारा ‘हाली’ रुपया. 1918 पासून तर निजामाच्या स्वतःच्या नोटाही निघाल्या.

नाव एकच, पण हालीत चांदी कमी. साधारण 6 कलदारांना 7 हाली मिळत. बाजारहाटाला निघालेल्याचा हिशेब कच्चा असेल, तर खिसा नदीपलीकडेच हलका!

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, तरी हाली आणखी काही वर्षं चालत राहिला.

आज पशुपतिनाथाला निघालेल्या नगरकरांना असाच अनुभव येतो. नेपाळसाठी डॉलर घेणं म्हणजे उगाच दोनदा बदलाबदल. 1993 पासून 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे आणि आपली शंभराची नोट तिथले दुकानदार सहसा घेतात. पाचशेच्या नोटेवर मात्र तिथे अनेक वर्षं बंदी होती, तेव्हा निघण्यापूर्वी ताजा नियम बँकेत विचारावा. उरलेले नेपाळी रुपये सीमेवरच बदलून टाकावेत. नगरच्या कापडबाजारात त्यांना कोण विचारतो?