अवसेचं काम

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घर सोडून एक जण वेल्ह्याच्या पुढे खळ्यावर दुर्बीण लावून बसतो, हे कळल्यावर मला राहवेना. कारण विचारलं तर ते साधं निघालं. त्याला टिपायची असते ती बर्नार्डची दीर्घिका धनू राशीत. मध्यरात्री ती डोक्यावर येते जुलैत, म्हणजे आपल्याकडे ढगांच्या पल्याड. पाऊस सरल्यावर काळोखाची रात्र हवी, तर दिवाळीतलीच अवस. तीही सात-सव्वासातपासून साडेदहापर्यंत. मग दीर्घिका डोंगराकडे कलते.

ध्रुव साधला, फोकस लागला, पाच-पाच मिनिटांचे एक्स्पोजर सुरू झाले. हवेत कापलेल्या भाताचा आणि फटाक्यांच्या दारूचा मिसळलेला वास.

"16 लाख प्रकाशवर्षं," तो म्हणाला. एवढ्या दुरून आलेलं पडद्यावर काय दिसलं? नुसती रवाळ करडी खर. तिसऱ्या फ्रेमनंतर त्याने नख टेकवलं: वरच्या कडेला दोन फिकट ठिपके. हबल-व्ही आणि हबल-एक्स. तिथे तारे जन्मताहेत. कोवळ्या, तापलेल्या ताऱ्यांमुळे भोवतालचा हायड्रोजन लाल उजळतो. फिल्टर तेवढाच लाल आत सोडतो.

1884 साली ही बटू दीर्घिका शोधणारा बर्नार्ड नवव्या वर्षी नॅशव्हिलच्या फोटो स्टुडिओत कामाला लागला होता. छायाचित्रं मोठी करायचं अवजड यंत्र सूर्यामागे हाताने फिरवत राहायचं, हे त्या पोराचं काम. इथे ते मोटर करते, तरी हा तिच्याकडे लेकराला झोपवल्यासारखा बघत होता. पुढे 1925 मध्ये हबलने या दीर्घिकेतल्याच 11 सेफिड ताऱ्यांवरून ती आकाशगंगेच्या बाहेरची ठरवली.

वाडीतून रॉकेट उडालं. धुराने दोन फ्रेम गेल्या. तो चिडला नाही, मीच चिडलो.

खळ्याच्या मालकीणबाई ताट घेऊन आल्या. "किती लांबचं म्हणालास?"

"16 लाख वर्षं चालत आलाय हा उजेड, आजी."

"मग ताटभर थांबंल की!"

तो जेवला, पण नजर पडद्यावर. करंजीच्या तुपाने बोटं बरबटलेली, म्हणून पुढची धुरकट फ्रेम त्याने बोटाच्या पेराने उडवली. रात्रीअखेर 38 पैकी 21 उरल्या. कार्तिकातल्या अवसेला जेमतेम तासभर मिळेल, असं म्हणत तो भिंगावरचं दव टिपू लागला.