शुद्ध आल्यानंतरची शुश्रूषा
छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी : नगर नाक्यावरून दौलताबाद-वेरूळकडे जाणारा रस्ता पडेगाव आणि मिटमिट्यातून जातो. मालमोटारी, पर्यटकांची वाहने आणि शाळा-शिकवणीला निघालेल्या मुलांच्या दुचाकी या सर्वांची वाट तीच. अशा रस्त्यावर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हेल्मेटविना दुचाकीवरून पडतो, तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'ऑपरेशन करावे लागेल का?' मात्र त्या मुलाचे पुढील आयुष्य शस्त्रक्रियेइतकेच तासातासाला होणाऱ्या शुश्रूषेवर आणि घरी परतल्यावर आई-वडील काय करतात यावर अवलंबून असते.

दुसरी इजा टाळण्यासाठी

अपघाताच्या क्षणी मेंदूला झालेली इजा पुसून टाकता येत नाही. तिच्यामागून येणारी दुसरी इजा मात्र बऱ्याच अंशी रोखता येते. कवटी ही बंद पेटी आहे. आत सूज आली किंवा रक्त साकळले की दाब वाढतो, मेंदूला होणारा रक्तपुरवठा घटतो आणि शाबूत राहिलेल्या पेशीही मरू लागतात. प्राणवायूची कमतरता, रक्तदाब घसरणे, ताप आणि झटके यांमुळे ही हानी अधिक वाढते.

म्हणूनच परिचारिका ठरावीक अंतराने मुलाला हाक मारते, चिमटा काढते, बोटे दाबायला सांगते. गाढ झोपलेल्या मुलाला असे उठवणे नातेवाइकांना निष्ठुरपणाचे वाटते. परंतु ती झोप आहे की बेशुद्धी, हे कळण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या 'ग्लासगो कोमा स्केल'नुसार डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे कमाल १५ गुण असतात. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. एखाद्या वेळच्या आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा असतो. गुण घसरू लागले, एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला प्रतिसाद देईनाशी झाली, किंवा रक्तदाब चढत असताना नाडी मंदावली, तर डॉक्टरांना तत्काळ बोलवावे लागते.

दाब आटोक्यात ठेवण्याचे काही उपाय दिसायला अगदी साधे असतात. मज्जारज्जूला इजा नसल्याची खात्री झाल्यावर पलंगाची डोक्याकडील बाजू सुमारे ३० अंश उचलतात. मान सरळ रेषेत ठेवतात, कारण ती एका बाजूला कलली तर मेंदूतून परतणारे रक्त अडते. घशातील स्राव खेचून काढण्याचे काम थोडक्यात आटोपतात. भेटायला आलेल्यांची गर्दी आणि मोठ्याने रडणे टाळायला सांगतात, तेही याच कारणासाठी.

अंथरुणाला खिळलेले दिवस

बेशुद्धी लांबली की धोक्याचे स्वरूप बदलते. साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर माकडहाड, टाचा आणि डोक्याचा मागचा भाग येथे शय्याव्रण होतात. पापण्या पूर्ण मिटत नसतील तर डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालतात. तोंडाची स्वच्छता राखतात आणि आखडू नयेत म्हणून सांधे हलवतात. गिळण्याची क्षमता तपासल्याशिवाय प्रेमापोटी चमचाभर पाणी पाजणेही घातक ठरते. ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तोवर नाकातील नळीतूनच आहार द्यावा लागतो.

चिकाटीने केलेली शुश्रूषा काय साधू शकते, हे महाराष्ट्राने मुंबईच्या केईएम रुग्णालयात पाहिले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यात गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी ४१ वर्षांहून अधिक काळ सांभाळले. त्यांच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, तेव्हा या सेवेचा गौरवही केला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले ते न्यूमोनियाने. इजेचे कारण निराळे असले, तरी दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या रुग्णाची छाती जपणे किती कठीण असते, हे त्यातून दिसते.

राग हा आजाराचा भाग

शुद्ध परतताना अनेक मुले नळ्या उपसतात, शिव्या देतात, आईलाही ओळखत नाहीत. हा बरे होण्याच्या वाटेवरील टप्पा असतो. अशा वेळी खोली शांत ठेवावी, एका वेळी एकानेच बोलावे, वाक्ये छोटी असावीत. वार, तारीख आणि ठिकाण पुन्हा पुन्हा सांगावे. वाद घालू नये आणि 'आठव बरं' असा आग्रहही धरू नये.

किशोरवयाची म्हणून आणखी काही गाऱ्हाणी असतात. डोक्यावरील केस काढलेले, मित्र पुढे गेलेले, स्नानासाठी दुसऱ्याचा आधार. या वयात लाज तीव्र असते. पडदा ओढणे, अंग पुसण्यापूर्वी विचारणे, मुलीच्या मासिक पाळीची काळजी स्त्री परिचारिकेने घेणे, ही औपचारिकता नसून उपचारच होय.

घरी गेल्यानंतर

जखम भरलेली, चालणे-बोलणे पूर्ववत. म्हणून घरचे निश्चिंत होतात. मात्र नियोजन, संयम आणि निर्णय यांचे केंद्र असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही विकसित होत असतो. तेथील उणीव कधी दहावी-बारावीचा ताण वाढल्यावरच उघड होते. विसरभोळेपणा, लवकर थकणे, भडकणे यांना आळस किंवा उद्धटपणा समजून मार देणे अन्यायाचे ठरते. शाळा अर्ध्या दिवसापासून सुरू करावी, शिक्षकांना कल्पना द्यावी आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय खेळ व वाहन टाळावे.

झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये; कांदा वा चप्पल हुंगवून उपयोग होत नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, उलट्या वा डोकेदुखी वाढली, गुंगी आली, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटक्यांची औषधे परस्पर बंद करू नयेत.

या साऱ्या खटाटोपात रात्रंदिवस जागणारी व्यक्ती बहुधा आईच असते. कूस वळवणे, नळीतून आहार देणे, पाठ तपासणे हे तिला घरी जाण्यापूर्वीच परिचारिकेने हाताला धरून शिकवावे, आणि घरातील इतरांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. ती थकून आजारी पडली, तर मुलाची शुश्रूषाही थांबते.