हिंगोली : कोविड साथीनंतरची आरोग्य यंत्रणा

जिल्हा : 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा. तालुके पाच : हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव. लोकसंख्या (2011) सुमारे 11.77 लाख.

साथ : एप्रिल 2020 मध्ये मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे अनेक जवान बाधित. देशात लसीकरण 16 जानेवारी 2021 पासून.

कोण कोणाच्या अखत्यारीत? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. प्रमुख : जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये राज्य शासनाकडे. प्रमुख : जिल्हा शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयाचे खाते तिसरेच : वैद्यकीय शिक्षण.

लोकसंख्येचे निकष : उपकेंद्र 5,000, प्राथमिक केंद्र 30,000, ग्रामीण रुग्णालय 1.20 लाख. डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे 3,000, 20,000 आणि 80,000.

ऑक्सिजन : पीएसए प्रकल्प हवेतला नायट्रोजन शोषून जागेवरच सुमारे 93 टक्के शुद्ध ऑक्सिजन देतो, वीज गेली की जनरेटर हवाच. द्रवरूप ऑक्सिजन 99 टक्क्यांहून शुद्ध, पण टँकरने आणावा लागतो.

केंद्राची योजना : पीएम-आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान, 25 ऑक्टोबर 2021. तरतूद सुमारे 64,180 कोटी रुपये. प्रत्येक जिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा. पाच लाखांवरील लोकसंख्येच्या जिल्ह्यांत अतिदक्षता विभाग.

वैद्यकीय महाविद्यालय : राज्यातील दहा नव्या शासकीय महाविद्यालयांत हिंगोली. उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024, दूरदृश्य प्रणालीद्वारे.