सीमा घटक पद्धती : किल्लारी भूकंपाच्या संदर्भात एक परिचय

प्रस्तावना :
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. भूगर्भातील प्रस्तरभंगावर खडक सरकला असता पृष्ठभाग कोठे व किती उचलला जाईल, हा गणिताच्या भाषेत स्थितिस्थापकतेचा प्रश्न आहे. मात्र येथील पदार्थ म्हणजे खाली व सभोवती जणू अमर्याद पसरलेली भूमी होय. अशा प्रश्नांसाठी सीमा घटक पद्धती का उपयुक्त ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूळ कल्पना :
विद्युत विभव, उष्णतावहन किंवा भूजलाचा प्रवाह यांसाठी लाप्लासचे समीकरण वापरतात. जॉर्ज ग्रीन यांनी १८२८ मध्ये दाखविल्याप्रमाणे, सीमेवरील विभव व त्याचा लंबदिशेतील बदलाचा दर ज्ञात असल्यास आतील प्रत्येक बिंदूवरील विभव ठरविता येतो. स्थितिस्थापकतेसाठी असेच सूत्र सोमिग्लियाना यांनी १८८५-८६ च्या सुमारास मांडले. सीमेचे लहान तुकडे करून या सूत्रांचे बीजगणितीय समीकरणांत रूपांतर करणे, हीच सीमा घटक पद्धती होय. विभवासाठी जॅस्वन व सिम यांनी १९६३ मध्ये, तर स्थितिस्थापकतेसाठी रिझो यांनी १९६७ मध्ये तिचा पाया घातला.

लाभ व किंमत :
एका घनाच्या प्रत्येक कडेचे २० भाग केल्यास एकूण ९२६१ बिंदू मिळतात. त्यांपैकी पृष्ठभागावर केवळ २४०२ असतात. प्रत्येक बिंदूस तीन विस्थापने धरल्यास फायनाइट एलिमेंट पद्धतीत २७,७८३ अज्ञाते येतात, सीमा पद्धतीत ७,२०६. परंतु सीमा पद्धतीची सारणी पूर्ण भरलेली असते. तिच्यात सुमारे ५.१९ कोटी संख्या साठवाव्या लागतात. फायनाइट एलिमेंटच्या विरळ सारणीत शून्येतर संख्या सुमारे २२.५ लाखांहून अधिक नसतात. म्हणजेच अज्ञाते कमी झाली म्हणून श्रम कमी होतातच असे नाही.

किल्लारीचा प्रश्न :
अमर्याद प्रदेशात मात्र चित्र पालटते. फायनाइट एलिमेंट पद्धतीत प्रस्तरभंगाभोवती मोठा ठोकळा कल्पून त्यास कृत्रिम सीमा द्यावी लागते. याउलट मिंडलिन यांच्या १९३६ च्या अर्ध-अवकाशाच्या उकलीत सपाट भूपृष्ठावर ताण नसण्याची अट आपोआप पाळली जाते; ओकाडा यांनी १९८५ मध्ये प्रस्तरभंगावरील सरकण्यामुळे होणाऱ्या भूपृष्ठाच्या विरूपणाची सूत्रे दिली. अशा उकली वापरल्यास केवळ प्रस्तरभंगाचेच तुकडे करावे लागतात. उदाहरणार्थ, १०० तुकडे केल्यास ३०० अज्ञाते व ९०,००० संख्यांची सारणी पुरते.

मर्यादा :
किल्लारी येथील वेधनछिद्रात सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट व त्याखाली, गाळाच्या पातळ थरानंतर, प्राचीन स्फटिकी खडक आढळला. त्यामुळे एकजिनसी भूमीचे गृहीतक स्थूलच ठरते. थरांच्या संधिपृष्ठांचेही तुकडे करावे लागतात. काळ्या मातीचे अरेषीय वर्तन तर फायनाइट एलिमेंटनेच अधिक सुलभपणे हाताळता येते.

निष्कर्ष :
दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत. प्रदेश अमर्याद व पदार्थ रेषीय असेल तेथे सीमा पद्धती, तर पदार्थ विषम वा अरेषीय असेल तेथे फायनाइट एलिमेंट पद्धती निवडणे इष्ट ठरते. भूकंपाची झळ सोसलेल्या या परिसरातील विद्यार्थ्यांना संगणकीय आज्ञावली शिकविताना ही निवड प्रश्नाच्या स्वरूपावरून कशी करावी, हेही शिकविणे अगत्याचे आहे.