रहस्यकथेचें वाचन आणि परीक्षण

गेल्या पावसाळ्यांत भूमितीचा तास चालू असतां नववीच्या एका विद्यार्थ्याच्या मांडीवर एक जीर्ण रहस्यकथा आम्हांस आढळली. ती आम्हीं जप्त केली, आणि त्याच रात्रीं एका बैठकींत वाचून संपविली, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. दुसऱ्या दिवशीं, शिक्षा म्हणून, खुनी कोण तें आम्हीं भर वर्गांत सांगून टाकलें. मुलें हंसलीं. तो विद्यार्थी हंसला नाहीं. पुस्तक त्याच्या हातीं दिलें तेव्हां त्यानें तें मुकाट्यानें दप्तरांत ठेवलें व पुन्हां उघडलें नाहीं. पुस्तक परत करतां आलें. गोष्ट परत करतां येईना.

पुढें आठ दिवसांनीं त्याच मुलानें आम्हांस विचारलें, “सर, शेवट कळल्यावर पुस्तकांत कांहींच उरत नाहीं, तर मग ‘गड आला पण सिंह गेला’ लोक वाचतात कसे?” या प्रश्नानें आम्ही निरुत्तर झालों. आमच्या खडकवासल्याहून सिंहगड रोज दिसतो. त्या गडावरील १६७० सालच्या प्रसंगावर हरि नारायण आपटे यांनीं १९०३ सालीं ही कादंबरी लिहिली, आणि तिचा शेवट चक्क मुखपृष्ठावर छापला. गड मिळणार, तानाजी पडणार, हें पहिलें पान उलटण्यापूर्वींच ठाऊक. तरीही उदयभानूच्या तावडींत सांपडलेल्या कमलकुमारीची चिंता वाचकास लागते, आणि पुस्तक खालीं ठेववत नाहीं.

यावरून आमच्या ध्यानीं आलें कीं, ज्यास आपण सरसकट रहस्य म्हणतों त्यांत दोन निराळ्या वस्तु आहेत. लेखकानें वाचकापासून लपविलेलें तें रहस्य. वाचकास ठाऊक असून पात्रास ठाऊक नसलेलें जें कांहीं, त्यांतून उत्कंठा जन्मते. आमच्या गांवचाच दाखला घ्या. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व त्याच्या लोंढ्यानें त्याच दिवशीं खडकवासल्याचेंही फुटलें, हें येथील लहान मुलासही माहीत आहे. तरी कोणी वडीलधारें माणूस ती हकीकत सांगूं लागलें, रात्रीं जवान पानशेतच्या बांधावर वाळूचीं पोतीं रचीत आहेत आणि खालीं पुणें शहर निजलेलें आहे, येथपर्यंत आलें कीं ऐकणाऱ्याच्या हातांतला घांस हातांतच राहतो. येथें लपविलेलें कांहींच नाहीं.

आम्हीं जप्त केलेल्या पुस्तकांत नुसतें रहस्य होतें. खुनी तिसऱ्या प्रकरणांत एकदां चहा देऊन जातो तो थेट शेवटच्या पानावर उगवतो. मधल्या काळांत कोणाचा जीव टांगणीस लागला आहे असें वाटतच नाहीं. अर्थात् यामुळें आमचा अपराध कमी होत नाहीं.

अशा पुस्तकांस नाकें मुरडण्याची चाल आमच्या व्यवसायांत जुनी आहे. बाबा पदमनजींचें १८५७ सालचें ‘यमुनापर्यटन’ आम्ही अभिमानानें दाखवितों, परंतु तें मांडीवर लपवून वाचणारा विद्यार्थी अद्याप आम्हांस भेटलेला नाहीं. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनीं रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथा मराठी वेषांत आणल्या. बाबूराव अर्नाळकरांनीं झुंजार व काळापहाड यांना नायक करून हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भाषा साधी, वाक्यें लहान, आणि प्रकरण संपतें तें नव्या संकटाशीं. लिहूं पाहणाऱ्यानें एवढें तरी त्यांजपासून उचलावें.

अद्भुतकथेचें मर्मही सिंहगडावरच सांपडतें, हा एक योगायोग. ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९१३ सालीं लिहिणारे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, हे शिकारीस गेले असतां याच गडाच्या कड्यावरून कोसळले व कमरेखालीं कायमचे पंगू झाले. त्यानंतर त्यांनीं लेखणी धरली. अंथरुणास खिळलेल्या मनुष्यानें अद्भुत प्रदेशांत एवढा संचार करावा, याचा विचार आम्ही गड चढतांना नेहमी करतों.

आणि त्या कड्याची यशवंती घोरपड! इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाहीं, पण कथेंत ती खोटी वाटत नाहीं. कां? दोर खरा, कडा खरा, काळोख खरा. अशक्य गोष्ट तेवढी एकच. शिवाय ती घोरपड प्रथम मागें फिरते, दरडावल्यावर चढते. चमत्कार सहजासहजीं घडत नाहीं म्हणून तो पटतो. नवशिके लेखक येथेंच चुकतात. नायक अडला कीं जादूची अंगठी, पुन्हां अडला कीं उडता घोडा. मग तो अडला काय नि सुटला काय, वाचकास सोयरसुतक उरत नाहीं.

परीक्षण लिहिणाऱ्यानें पुस्तक दोनदां वाचावें. पहिल्या वेळीं कोठें जांभई आली व कोठें दिवा मालवणें जड गेलें, तीं पानें टिपून ठेवावीं. दुसऱ्या वेळीं, शेवट ठाऊक असतां, लेखकानें खुणा आधीं प्रामाणिकपणें पेरल्या होत्या कीं ऐन वेळीं खिशांतून काढल्या, तें पाहावें. परीक्षणांत कथानकाचा पूर्वार्धच सांगावा. दोष दाखवितांना “उलगडा पटत नाहीं” एवढें म्हणणें पुरे, उलगडा कोणता तें नको. हा नियम आम्हीं स्वतः मोडला असल्यामुळें तो सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे किंवा कसें, हें वाचकांनीं ठरवावें.

परवां तोच विद्यार्थी आमच्या मेजावर आणखी एक रहस्यकथा ठेवून गेला. शेवटचीं चार पानें त्यानें टांचणीनें बंद केलेलीं आहेत. “सर, कोण असेल तें आधीं वहींत लिहा, मग काढा,” असें बजावून गेला आहे. आमचें दुसरें नांव आज सकाळीं खोडून झालें. टांचणी अजून तशीच आहे.